आज आमचं रॅप नाचायचं झालं

मित्रहो, आज ब्रह्मपुरीत एका कार्यक्रमात आम्ही रॅप केलं. मी आणि माझी मैत्रीण वैशाली, दोघी खाणीच्या गावातल्या. वैशालीचे बाबा कोळशाच्या धुळीत राबले आणि मागच्या साली खोकून खोकून गेले. तिनं त्यायच्यावर गाणं लिहिलं. चार महिने आम्ही तेच बसवत होतो.

स्टेजवर जायच्या आधी आयोजक म्हणाले, "रडगाणं नको. पोरायले नाचू द्या."

मी म्हटलं, "भाऊ, हेही हिपहॉपच आहे. आपल्यावर काय बितते ते सांगणारा प्रकार."

"मले नको शिकवू. हिपहॉप न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पार्टीतूनच निघालं ना? मंग पार्टीचंच गा."

त्यायचं खोटं नव्हतं. सुरुवात पार्टीतच झाली, हाल सांगणारं रॅप नंतर आलं. वैशालीनं मोबाइलवर दुसरी बीट लावली. आम्ही नाचायचं गाणं गायलो. पोरं बेफाम नाचली, वन्स मोअरही मिळाला.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "पुढच्या वेळी बाबांचंच गाऊ."

वैशाली खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "त्या गाण्याचं रेकॉर्डिंग डिलीट केलं मी. कोणाले आयकाचं आहे ते?"

मी तिची समजूत काढू शकले नाई, कारण मलेही तसंच वाटून राह्यलं होतं.

खरं सांगा, वैशालीच्या बाबांचं गाणं आयकायले तुमच्यातलं कोणी थांबलं असतं का?