वर्षभराची गॅरंटी

कळंबच्या मार्केट यार्डामागच्या गल्लीत ईरण्णांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर तिथं आणून टाकायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरून घ्यायची. पाटी अजून ईरण्णांच्या नावाची आहे, पण तार भरते त्यांची एकुलती एक मुलगी महेश्वरी. वातानं ईरण्णांची बोटं आखडली तशी ती आधी मदतीला बसली आणि मग कामालाच बसली. अंगात बापाचा जुना शर्ट, कपाळाला विभूती आणि तोंड अखंड चालू. आपला हात चांगला आहे हे तिला पक्कं माहीत होतं. ते लपवण्याचा विनय तिच्याकडं नव्हता, आणि का असावा? आजवर कामात चांगल्या असलेल्या पुरुषानं कधी लपवलंय?

गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल ठरलेला असे. "गॅरंटी काय?"

हा इंग्रजी शब्द आमच्या तालुक्यात असा मुरलाय की इंग्रजीत नापास झालेल्यांचंही त्याच्यावाचून पान हलत नाही. एसटी वेळेवर येईल का, गॅरंटी न्हाय. पोरगं दहावी निघंल का, निघतंय, गॅरंटी. महेश्वरीला मात्र कोण कुठल्या अर्थानं विचारतोय ते तोंडाकडं बघूनच कळायचं. उसाच्या बागायतदाराच्या तोंडी गॅरंटी म्हणजे पुन्हा जळाली तर फुकटात करून दे. म्हाताऱ्या हरिबांना नुसता भरवसा हवा असे. "चालंल बघा आजोबा" म्हटलं की ते बिनघोर चहाला जात. त्यांच्या वयाचे दुसरे एक गृहस्थ "जबान देती का?" असं विचारत आणि जबान मिळाली की पावतीही मागत नसत. नळदुर्गाकडचे पाहुणे त्यालाच कानडीत भरवसे म्हणत. हमी हा अस्सल शब्द तेवढा कुणाच्या तोंडी नसे. तो बिचारा सरकारी कागदात राहतो. आणि कॉलेजात जाऊन आलेली पोरं शहाणपणानं विचारत, "गॅरंटी का वॉरंटी?"

"वॉरंटी कंपनीची असती," महेश्वरी मान वर न करता सांगे. "हितं कंपनी न्हाय. हितं मी हाय."

एवढं सगळं समजणाऱ्या या पोरीला त्या शब्दाचा खरा अर्थ कळला तो बब्रुवान काकांमुळं. बब्रुवान काका येरमाळ्याकडचे मोठे शेतकरी, ईरण्णांचं जुनं गिऱ्हाईक. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची मोटर जळाली आणि ती दुकानात न येता थेट लातूरला गेली. महेश्वरीनं त्यांना बाजारात गाठलं आणि सरळ विचारलं, "काका, माझं काम वाईट हाय का?"

"काम एक नंबर हाय, पोरी," काका ओशाळून म्हणाले. "पण पुढल्या उन्हाळ्यात तू कुठं असशील? लगीन होऊन जाशील. मंग गॅरंटी मागायची कुणाला? ईरण्णाची बोटं तर गेली."

महेश्वरीला राग आला नाही, उलट मोकळं वाटलं. माणसांना तार, तिच्यावर चढवायचं वार्निश यांची खात्री नको होती. हे माणूस उद्या इथं सापडेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू लागली, "वर्षभराची गॅरंटी. आणि वर्षभर मी हितंच हाय." काकांसारखी लातूरला गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू परत वळली. बब्रुवान काकांची दुसरी मोटर तर तिनंच भरली.

ईरण्णांना हे अजिबात पसंत पडलं नाही. पोरीवर त्यांचा जीव होता, पण लग्नाचं वय निघून चाललंय या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. दुकान भाड्यानं द्यायचं त्यांनी मनातून ठरवूनही टाकलं होतं.

"आपलं नसंल ते माणसानं देऊ नये," ते म्हणाले. "पुढचं साल तुझं न्हाय. तुझ्या सासरचं हाय."

"आप्पा, अजून सासर कुठंय? साल मातर आत्ताच सुरू झालंय."

यावर ईरण्णांनी लग्नं जुळवणाऱ्या सिद्धलिंग स्वामींना फोन लावला आणि पुढच्याच रविवारी नळदुर्गाचं स्थळ घरी आलं. मुलगा रुद्रेश, त्याचे वडील विरुपाक्ष आणि एक आत्या. मुलाचं खताबियाण्याचं दुकान. माणसं तालेवार, बोलायला गोड. महेश्वरीच्या आईनं, गिरिजाबाईंनी, सकाळपासून पोरीची नखं घासघासून वार्निश काढलं होतं, तरी थोडं राहिलंच. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. मुलगा बरा होता. महेश्वरीला तो आवडला, हेही सांगून टाकायला हवं. म्हणूनच तिनं ठरवलं, लपवाछपवी नको.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "म्या गिऱ्हाइकांना वर्षाची गॅरंटी दिलीया. तवर कळंब सोडता येणार न्हाय."

विरुपाक्ष हसले. "असं व्हय! मंग पुढल्या साली बार उडवू. आम्हाला कुठं घाई हाय?"

"पण वर्षात आणखी मोटरी येतील. त्यांना त्या दिवसापासून वर्ष."

विरुपाक्ष व्यापारी माणूस. हिशेब त्यांच्या चटकन ध्यानात आला. "म्हंजी तुमची गॅरंटी संपणार कवा?"

"मोटरी जळायच्या थांबतील तवा."

रुद्रेश खळखळून हसला आणि बापाचा चेहरा बघून गप्प झाला. गिरिजाबाईंनी आतल्या दारातून कपाळावर हात मारला. विरुपाक्ष मात्र चिडले नाहीत. उलट त्यांनी मोठ्या मनानं तोड काढली. "नळदुर्गातबी मोटरी जळतात की. तिथं दुकान टाकून देऊ. हौस भागंल."

बोलणं वाईट नव्हतं. महेश्वरी हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्ही चांगलंच बोलताय. पण म्या ज्यांना सांगितलंय ती माणसं हितली हायत. ती नळदुर्गाला कशी येतील?"

"अगं पोरी, त्या गॅरंटीचं एवढं काय घेऊन बसलीस?" विरुपाक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले आणि ईरण्णांकडं वळले. "तुम्ही सांगा हिला. धंद्यात ती बोलायची रीत असती. द्यायची अन् इसरायची. तुम्ही इतकी वर्सं दुकान चालवलं, ते काय येगळ्या रीतीनं?"

ईरण्णांनी हातातली बशी खाली ठेवली. याच हातांनी त्यांनी भर उन्हात सायकलवर मोटरी नेऊन विहिरींवर बसवून दिल्या होत्या, पुन्हा जळाल्या तर पुन्हा भरून दिल्या होत्या, आणि ते सगळं या माणसानं एका वाक्यात रीत म्हणून उडवून लावलं. पाहुण्याला घरात उलटून बोलायचं नसतं. ईरण्णांनी सुपारीचं तबक पुढं केलं.

"विचार करून कळवतो," जाताना विरुपाक्ष म्हणाले. आमच्याकडं या बोलण्याचा एकच अर्थ होतो.

पाहुण्यांची गाडी वळली तशी गिरिजाबाईंनी तोंड सोडलं. "घातलं मातीत सगळं! एवढं चांगलं स्थळ! कोण करून घेणार हाय हिला?" महेश्वरी कप गोळा करत राहिली. मुलगा हसला होता ते तिला आठवत होतं आणि वाईट वाटत होतं. तरी सकाळ पुन्हा आली असती तर तिनं हेच सांगितलं असतं.

ईरण्णा खुर्चीत बसून होते. त्यांनी फोन उचलला, आखडलेल्या बोटानं चुकतमाकत सिद्धलिंग स्वामींचा नंबर लावला आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"स्वामी, नळदुर्गाचं न्हाय जमलं. आता फुडं कुणाला सांगाल त्यांना आधीच सांगा, पोरगी कळंब सोडणार न्हाय. दुकान तिचं हाय. ती पाटीबी बदलायला देतो. दुकानाच्या वर दोन खोल्या काढतोय, जावयानं हितं यावं."

पलीकडून स्वामी काहीतरी बोलले. गिरिजाबाई पुढं येऊन म्हणाल्या, "अवं, लोक घरजावई म्हणतील!"

"म्हणू दे," ईरण्णा तिकडं हात करून म्हणाले आणि पुन्हा फोनवर आले. "काय म्हणताय? स्थळं कमी येतील? येऊ द्या की कमी, स्वामी. आपल्याला किती पायजेत? एकच तर पायजे."

कप तिथंच ठेवून महेश्वरी बापाजवळ आली. तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि दोन्ही तिनं येऊ दिलं.