उथळ पाण्याची सुनावणी

“पक्षी बघायला ये,” असं कुसुम मला दर हिवाळ्यात सांगते आणि दर हिवाळ्यात मी गुडघे पुढे करते. यंदा तिचा सूर वेगळा होता.

“आमचा तलाव खोल करायचं चाललंय,” ती फोनवर म्हणाली. “करायलाच हवा, गाळानं भरलाय. पण खोदणार आहेत ते नेमकं उथळाच्या बाजूनं. पुढच्या वर्षी तिथं काय उरेल, सांगता येत नाही. गुरुवारी सुनावणी आहे. तू एकदा डोळ्यांनी बघून तरी जा.”

कुसुम माझी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातली मैत्रीण. औरंगाबादला, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. वक्तृत्वाचा कप दरवर्षी तिचाच. सिस्टर सभागृहाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि तिथून हात वर करायच्या: आवाज इथवर आला पाहिजे. कुसुमचा यायचा. मग तिचं लग्न केज तालुक्यातल्या एका शेतकरी घरात झालं आणि माझं पुण्यात. तलावाचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

पुण्याहून अंबाजोगाईची एसटी सकाळी लवकर धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे हे माहीत असूनही दरवेळी कंडक्टरने अर्धंच फाडलं की मला शाळकरी झाल्यासारखं वाटतं. नगरपर्यंत डुलकी लागते, जामखेडनंतर मात्र जागं राहा. फेब्रुवारी संपत आलेला, पाटोद्याच्या पुढे डोंगराच्या उतरणीवर पळस नुसता पेटलेला. रस्ता आता चांगला झाला आहे. पूर्वी या वाटेवर आलेल्यांनी पाठीचा पट्टा घरी ठेवला तरी चालेल.

मांजरसुंब्याला गाडी जेवायला थांबली. पाटी बघून ढाबा निवडू नका, ट्रक जास्त उभे असतील तिथे बसा. मी पिठलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. पुण्यात तेवढ्या पैशांत नुसता नाश्ता झाला असता. शेजारच्या टेबलावर दोन ड्रायव्हर बोलत होते.

“कावून बे, गावाकडं गेलता का?”

“गेलतो की. गावात हाय कोण? म्हातारे न् कुत्रे. बाकी समदं गाव उसात.”

“मग तू कोण त्यातला?”

“मी पाव्हणा.”

नेकनूर मागे टाकून केजला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. तिथून वडाप, म्हणजे भरेल तेव्हा सुटणारी जीप. मला वाटलं भरली. ड्रायव्हरला तसं वाटलं नाही.

“मावशी, जरा सरका. अजून दोघं बसत्यात.”

“कुठं बसतायत?”

“बसल्यावर दिसंल.”

मी कुणाकडे चालले आहे हे जीपमधल्या सगळ्यांना दोन मिनिटांत कळलं. मांडीवर पिशवी धरलेल्या एक बाई म्हणाल्या, “कुसुमकाकूकडं? मग उद्या जेवायला थांबा. नानानं मंडप घातलाय शाळंत. वांगी उतरली आज.”

“सुनावणी हाय का साखरपुडा?” मागून कुणीतरी विचारलं आणि जीप हसली.

नाना म्हणजे कुसुमचे चुलत सासरे. ऐंशीच्या घरातले, ताठ, पांढरंशुभ्र धोतर. गावाचे अनेक वर्षं सरपंच होते, आता नाहीत, पण गावाला अजून ते नीट माहीत नसावं. दारात त्यांनी मला रामराम केला तेव्हा कुसुमने पदर डोक्यावरून पुढे ओढला. साठी उलटलेल्या माझ्या मैत्रिणीचा हात इतका सवयीने वर गेला की मला क्षणभर ती अनोळखी वाटली.

संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. एका बाजूला दगडी भिंत, तिच्याजवळ पाणी गडद. दुसऱ्या बाजूला, गावाकडून, जमीन इतकी हळू उतरते की पाणी कुठे सुरू होतं ते पक्ष्यांच्या पायांवरून ओळखायचं. शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर उभ्या होत्या, चमचे पक्षी चमच्यासारख्या चपट्या चोची पाण्यात घुसळत होते आणि पलीकडे लांबवर, डोक्यावर काळे पट्टे असलेले राखी हंस, पट्टकादंब, एका ओळीत बसले होते. ते हिमालय ओलांडून येतात. मी एवढी जवळ असून गुडघ्यांचं निमित्त सांगत होते.

दुर्बीण खाली केली तेव्हा उरलेलं दिसलं. पाणी मागे सरकून जो काळा ओला पट्टा मोकळा झाला होता, त्यावर हिरव्या पट्ट्या होत्या. काकडी, कलिंगडं, मेथी, कोथिंबीर.

“ही गाळपेर,” कुसुम म्हणाली. “पाणी जसं मागं जातं तसं मागं मागं पेरत जायचं. खत नको, पाणी नको. आमच्या बचत गटातल्या बायका करतात. बहुतेकींना दुसरं रानच नाही.”

एक बाई काकड्या तोडून घमेल्यात टाकत होत्या. शेवंताबाई. गटाचा कारभार कुसुम आणि त्या मिळून बघतात. त्यांचे यजमान थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होते.

“पावसाळ्यात पाणी चढलं की मासळी अंडी घालाया हितंच येती,” शेवंताबाईंनी मला समजावलं. “खोल पाण्यात न्हाई घालत. हे उथळ खांदलं तर काकडी बी गेली, मासा बी गेला. न् तुमचे पाखरं काय उभी राहत्यात व्हय खोल पाण्यात?”

तलाव खोल व्हायला त्यांची हरकत नव्हती. कुणाचीच नव्हती. गाळ शेतात पडला की रान सुधारतं, विहिरींना पाणी टिकतं. प्रश्न एवढाच होता की कुठून खोदायचं.

तिथे जाणार असाल तर एक विनंती. चिखलाचा वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, पण पाय घोट्यापर्यंत आत जातो. आणि ते मोकळं मैदान नाही, कुणाचं तरी पीक आहे. विचारून चाला.

गुरुवारी मंडप भरला. पुढे गावातली पुरुषमंडळी, मागे बायका, व्यासपीठावर सुनावणी घ्यायला आलेल्या जलसंधारण खात्याच्या मॅडम, त्यांच्यासोबतचे अभियंते, सरपंच, नाना आणि मी. मला वर का बसवलं हे मी विचारलं. नाना म्हणाले, “पुण्याच्या पाव्हण्या खाली बसत्यात व्हय?” मग त्यांनी माइकवर माझी ओळख ‘पक्षीतज्ज्ञ’ अशी करून दिली. दुर्बीण गळ्यात घालून फिरण्याचे परिणाम.

सत्कार सुरू झाले. मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन. अभियंत्यांचा फेटा बांधून. सरपंचांचा, मुख्याध्यापकांचा, ज्यांनी मंडप स्वस्तात घातला त्यांचा, माझा. प्रत्येक सत्कारानंतर सत्कारमूर्तींचे दोन शब्द. मी म्हणाले, मी तज्ज्ञ नाही, मैत्रिणीकडे आले आहे, आणि तुमचं उथळ पाणी फार सुंदर आहे. टाळ्या पडल्या. पाहुणचारात उणं राहू नये म्हणून नानांनी सगळी सकाळ अशी प्रेमाने खर्च केली. अभियंत्यांनी नकाशा उलगडला तेव्हा भाताचा वास मंडपात आला होता.

नकाशावर तलाव निळा होता आणि उथळावर लाल रेघोट्या. कोपऱ्यात लिहिलं होतं: पडीक.

“महिलांपैकी कुणाला बोलायचं असेल तर बोला,” मॅडम म्हणाल्या. माइक मागे गेला. कुसुमच्या हातात आला. तिने नानांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि माइक शेजारणीकडे दिला. शेजारणीने तिच्या शेजारणीकडे. हळदीकुंकवाच्या तबकासारखा तो रांगेतून फिरून पुन्हा वर आला.

“मग हरकत नाही असं समजू?” मॅडमनी विचारलं. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं.

“समजा,” नाना म्हणाले. “पर आधी जेवण. जेवल्याबिगर या गावातनं कुणी गेलेलं न्हाई.”

मला कुसुमचा राग आला होता, खरं सांगते. हात धुताना तिला गाठलं. ती पाणी घालत हळूच म्हणाली, “नानांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नाही गं. घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, ते आजवर पाळलं. माइक हातात आला आणि जीभच उचलेना.”

शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली. ज्वारीची भाकरी, वांग्याची रस्साभाजी, ठेचा, भात-वरण, काकडीची कोशिंबीर. मी मॅडमच्या शेजारी, पलीकडे अभियंते, समोरच्या रांगेत नाना. बायका वाढत होत्या. आणि वाढणाऱ्या बाईला बोलावंच लागतं, घ्या म्हणावं लागतं, नको म्हणणाऱ्याला आग्रह करावा लागतो. तिला गप्प राहा असं या गावात कुणी म्हणत नाही, सासरेसुद्धा.

पहिल्या शेवंताबाई आल्या. “घ्या मॅडम, कोशिंबीर घ्या. फुकाची हाय, पडीक जमिनीवरली.”

रांगेत खसखस पिकली. मॅडमना कळेना. “म्हणजे?”

मागोमाग भाकरीची टोपली घेऊन कुसुम होती. “म्हणजे नकाशात पडीक म्हणून रंगवलंय ना, तिथली काकडी. आत्ता तुमच्या पानात आहे ती.”

आवाज व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेला.

अभियंते घास हातात धरून म्हणाले, “पण आम्ही पाहणी केली तेव्हा तिथं पाणी होतं.”

“असणारच की,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुमी दिवाळीच्या आधी आलता. तळं भरल्यावर रान दिसतंय व्हय? वांगं घ्या अजून.”

“आणि आत्ता नोटीस लावली,” कुसुमने त्यांच्या पानात भाकरी ठेवली, “तेव्हा हे रान करणारी निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली. कुलपं हरकत कशी घेतील?”

नानांनी मान वर केली. “सूनबाई, पाव्हण्यांना सुखानं जेवू द्या.”

“जेवू देतेय की, नाना. वाढतेच आहे. तुम्हाला भाकरी?”

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अर्धी.”

तिने अर्धी वाढली आणि परत मॅडमपाशी आली. माशांच्या अंड्यांचं सांगितलं, गाळपेरीचं सांगितलं, गाळ सगळ्यांनाच हवा आहे हेही सांगितलं. मधूनच “भात घेताय ना?” विचारत होती. मॅडम कोशिंबिरीकडे पाहत ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, “मी कोकणातली. आमच्याकडचं बंदर खोल केलं, मोठ्या बोटी यायला लागल्या, चांगलंच झालं. पण खाडीच्या ज्या चिखलात आई तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची, तो राहिला नाही. त्या चिखलाबद्दल आईला कुणी विचारलं नव्हतं.” आणि कुसुमकडे वळून, “हात धुतले की मला तिकडे न्या.”

उन्हातच निघालो. नाना काठी टेकत बरोबर आले. मॅडमनी चपला काढून हातात घेतल्या आणि शेवंताबाईंच्या मागे पाय टाकत काकडीच्या वेलांतून पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. अभियंत्यांनी खरी अडचण सांगितली: ही बाजू रस्त्याला लागून आहे आणि लवकर कोरडी पडते, यंत्रं सहज उतरतात. भिंतीकडून, जुन्या ओढ्याच्या पात्रातून खोदायचं तर मे महिन्यापर्यंत थांबावं लागेल आणि कामाला दिवस थोडे मिळतील.

“न् गाळ लांबनं आणावा लागंल,” नाना म्हणाले. त्यांची जमीन याच बाजूला आहे.

“पण तिथला गाळ जाड आहे, नाना,” कुसुम म्हणाली. टोपली शाळेतच राहिली होती. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. “रानाला तोच चांगला.”

नाना काठीने ढेकूळ फोडून बघत राहिले.

मॅडम म्हणाल्या, “शब्द देत नाही, तो माझ्या हातात नाही. पण हरकत नाही असं मी लिहिणार नाही. पडीक हा शब्द काढते. पाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं आली की पुन्हा बसू. इथं बांधावर. सत्कार न करता.” शेवटचं वाक्य त्यांनी नानांकडे बघून म्हटलं. नाना पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. कुसुम जीपपर्यंत आली. मी तिला म्हटलं, शेवटच्या बाकापर्यंत आवाज आला. ती म्हणाली, “भाकरी करपली होती एक, तीच नेमकी नानांना वाढली बघ.”

पुण्यात आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी हंसांचे फोटो दाखवले. लोकांना ते आवडले. मला मात्र भाजीवाल्याकडची काकडी हातात घेतली की आता ती कुठल्या जमिनीतली असेल असं वाटतं. प्रवासाने एवढं दिलं तरी तिकीट वसूल झालं, तेही अर्धं. तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलं. मुक्कामाला केज किंवा अंबाजोगाई. तलाव कुठला ते निकाल लागला की लिहीन. आत्ता तिथे गर्दी झालेली कुसुमला नको आहे.

पाडवा होऊन गेल्यावर तिचा फोन आला. बैठक बांधावर झाली. उसाच्या फडावरून परतलेली माणसं आली होती, मॅडम आल्या होत्या. नव्या नकाशात लाल रेघोट्या भिंतीकडे सरकल्या आहेत. उथळावर ‘गाळपेर’ असं लिहिलंय. अजून वरच्या ऑफिसची मान्यता यायची आहे, तिथे गावाने जाऊन बाजू मांडायची आहे. आणि या वेळी कुसुम बोलली ती उभी राहून, हातात काही नसताना.

“नाना?” मी विचारलं.

“पंगतीनंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोरांकरवी निरोप. या बैठकीनंतरही तसेच घरी गेले. म्हटलं, आता झालं. तर आज सकाळी निरोप आला.”

“काय?”

“सूनबाईला म्हणावं, वरच्या ऑफिसात मी काय बोलणार, तुलाच यावं लागंल. गाडी सांगून ठेवलीय.”