ताटाचं वजन

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत देवीदास कापगतेचं वजन शहाण्णव किलो भरलं, रक्तदाबही चढलेला निघाला, आणि डॉक्टरांनी उंचीवरच्या कामावर सरळ फुली मारली. गोळी सुरू करा, तीन महिन्यांनी या, तोवर खालचं काम बघा, असं ते म्हणाले. सव्वीस वर्षं हा माणूस चौसष्ट पायऱ्या चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसत आला होता. आता त्याने खाली बसून नट-बोल्ट वाटायचे होते.

सुपरवायझर सुशील बोरकर माणूस वाईट नव्हता. त्याने स्टोअरच्या खिडकीपाशी देवीदाससाठी खुर्चीसुद्धा टाकून ठेवली. पगार तोच, जीव सुखात, वयही पन्नाशीच्या पुढे गेलं, असं जो तो समजावू लागला. समजावणाऱ्यांचं काय जातं? देवीदासने त्या खुर्चीला एकदाही पाठ टेकवली नाही, उभ्यानेच काम केलं. मी वर जाणार, एवढंच तो सांगायचा.

कसा जाणार, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. पहिला आठवडा दिवसभर उपाशी राहिला आणि रात्री वैशाली नगरच्या घरी येऊन दुप्पट भात चेपला. वजन तसूभर हललं नाही. चिडून त्याने पावर हाउस भागातल्या बाजारातून वजनकाटा आणला आणि शीलाने, त्याच्या बायकोने, वाढलेलं ताट त्यावर ठेवलं. नुसता भात साडेसातशे ग्रॅम निघाला.

"वजन विचारल्याशिवाय मी हुकाले लोखंड लागू देत नाई," तो म्हणाला. "अन् ह्या ताटाले कधी विचारलंच नाई."

ताट भंडाऱ्याकडच्या गावाहून आलेलं, बापाचं. बाप दिवसभर धानाच्या चिखलात राबायचा, त्याला तेवढा भात लागायचा आणि जिरायचाही. लेक आठ तास बसून क्रेनचे दांडे ओढणार आणि जेवणार मात्र बापाएवढं, वर कॅन्टीनचे आलूगुंडे, म्हणजे बटाटेवडे, आणि सहा कप गोड चहा. मग अंगावर चढणार नाही तर काय होणार?

दुसऱ्या दिवसापासून भात दीड वाटी. बाकी ताटात वरण, लाल माठाची भाजी, काकडी. चहा दोनदाच, बिनसाखरेचा. मोटरसायकल घरी राहिली, सायकल बाहेर निघाली, आणि संध्याकाळी शीलासोबत पाऊण तास चालणं सुरू झालं. गोळी त्याने एक दिवस चुकवली नाही.

सगळ्यात अवघड गेली ती स्मृति नगरातली थोरली बहीण. आई गेल्यावर सिंधुताईनेच त्याला भरवून मोठं केलेलं. पोळ्याच्या जेवणात ती तिसऱ्यांदा भात घेऊन आली, तसा देवीदासने ताटावर हात आडवा धरला. ती थांबली नाही. गरम भात बोटांवर पडला, पण पठ्ठ्याने हात काढला नाही.

"माह्या हातचं गोड नाई लागत का तुले आता?" तिचे डोळे भरून आले.

"लय गोड लागते, बाई. म्हणूनच हात ठेवला."

ती पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याला फार वाईट वाटलं, तरी वाटी त्याने वाढवली नाही.

तीन महिन्यांनी काट्यावर अठ्ठ्याऐंशी आले. रक्तदाब ठीक होता, पण डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, वजन अजूनही जास्तच आहे.

"साहेब, आठ किलो माह्या हातानं उतरवले," देवीदास म्हणाला. "बाकीचे वर बसून उतरवतो."

डॉक्टरांनी त्याला दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला, नाडी मोजली, रक्तदाब पुन्हा घेतला, आणि मग सही केली.

दुसऱ्या दिवशी तो क्रेनच्या शिडीला लागला. तिसऱ्या टप्प्यावर पूर्वी तो बुटाची नाडी बांधायचं सोंग करून दम घ्यायचा. आज थांबला नाही. वर पोचून त्याने भोंगा दिला, नियमापेक्षा जरा लांबच.

पाळी संपवून उतरला तेव्हा खुर्ची अजून खिडकीपाशीच होती. तुझी जागा राहू दे की, कधी लागलीच तर, असं बोरकर म्हणाला.

देवीदासने खुर्ची उचलून त्याच्यासमोर ठेवली. "कोणाले पायजे असन त्याले द्या, साहेब. मले बसाले वर जागा आहे."