मशीनची खरखर

वडिलांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं, तेव्हापासून मी रत्नागिरीबाहेर पडलेलो नाही. साधं जयगडलासुद्धा नाही. मुंबईहून भाऊ फोनवर म्हणतो, “तू नशीबवान, गावची हवा खातोस.” हवा वडील खातात, नळीतून. मी बाहेरच्या खोलीत बसून वैतागतो.

विरंगुळा म्हणून बॅटरीवर चालणारा डायरेक्ट कन्व्हर्जन रेडिओ रिसीव्हर जोडला. मोजके भाग, आणि हवेतला संदेश थेट कानाला ऐकू येईल अशा आवाजात उतरतो. एरियलची तार परसातल्या आंब्याच्या कलमाला बांधली. तर हेडफोनमध्ये काय? तारेने पकडलेली मशीनचीच खरखर! घरात ती, कानातही ती.

मग हट्टाला पेटलो. दुसरी छोटी तार मशीनजवळ लावली. ती फक्त खरखर पकडते. ती उलटी करून एरियलच्या आवाजात मिसळली की दोन्ही खरखरी एकमेकींना खातात. दोन नॉब केसभर इकडेतिकडे करत अख्खी दुपार घालवली आणि एकदम शांत झालं. कुणा दूरच्या माणसाचं मोर्स स्वच्छ ऐकू आलं.

खरखर नाही, म्हणजे लाइट गेली, मशीन थांबलं! हेडफोन टाकून मी आत धावलो.

मशीन चालू होतं. वडिलांनी डोळे उघडले. “काय झाला रे?”

“काय नाय.”

तेव्हापासून नॉब थोडा मागेच ठेवतो, खरखर पुरती जाऊ देत नाही. दूरच्या माणसाला खरखरीतूनच ऐकतो. ती थांबेल त्या दिवशी मी मोकळा. म्हणूनच नॉब पुढे सरकवायला हात धजावत नाही.