गुंडा पाठमोरा चढला

माधवनगरच्या गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत आम्ही विश्रामबागेतून पळत तिथवर पोचायचो. आमचं मंडळ लहान होतं. माझ्यासारखे इंजिनिअरिंग कॉलेजातले काही विद्यार्थी, दोन कारकून, एक शिंपी आणि आमचे कप्तान गंगाधरपंत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. पळण्याचं त्यांना जे वेड होतं ते त्यांनी आम्हा सगळ्यांना लावलं.

रस्त्याला लागूनच गुंडाचा मळा होता. आम्ही जायचो तेव्हा तो विहिरीवर मोट चालवून उसाला पाणी देत असायचा. आम्ही दिसलो की तो बैल थांबवायचा आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायचा.

"काय वो पंत," एक दिवस तो म्हणाला, "रोज पळताय. घरची मान्सं मारत्यात व्हय?"

पंत थांबले. त्यांना चेष्टा चालायची, पण उत्तर दिल्याशिवाय पुढं जायची सवय नव्हती. "मारत नाहीत. पण तुला भीती वाटत नसेल तर गिरणीपर्यंत ये आमच्याबरोबर."

गुंडानं कासरा चुलत्याच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला आणि अनवाणी आमच्यात घुसला. गिरणीपर्यंत आणि तिथून परत, सगळा वेळ तो बोलत होता. कुणाचा ऊस कसा आलाय, कुणाच्या बैलाला काय झालंय. आमच्यापैकी कुणालाही उत्तर द्यायला दम शिल्लक नव्हता. विहिरीपाशी आल्यावर पंतांनी विचारलं, "उद्या येतोस का?"

"येतो की. तुमाला सोबत नगं का बोलाय?"

असा गुंडा मंडळात आला. तिशीचा गडी, अंगानं सडपातळ, आवाज मात्र तीन मळे ओलांडून जाईल असा. स्वतःविषयी त्याला कधी शंका आलेली मी पाहिली नाही. मी त्याला विहिरीवर ऑइल इंजिन बसव म्हणून सांगायचो, पंपाचा हिशेब समजावायचो. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बसवू की, इंजनेरसाहेब. पन मग मी दिसभर चालायचं कुटं?"

दर हिवाळ्यात साताऱ्याचं एक मंडळ लांब पल्ल्याची शर्यत घ्यायचं. उजाडताना साताऱ्याहून निघायचं, कोरेगाव, रहिमतपूर करत औंध गाठायचं आणि शेवटी डोंगराच्या पायऱ्या चढून यमाईच्या देवळाशी पोचायचं. प्रत्येक मंडळाचे तिघे. देवीच्या दुपारच्या नैवेद्याचा नगारा वाजायच्या आत तिघंही वर पोचले तरच त्या मंडळाची दौड पुरी झाली असं धरायचे. दोघे पोचून उपयोग नाही.

अठ्ठेचाळीस साली आम्ही पहिल्यांदा गेलो आणि गुंडामुळं हरलो. पायऱ्यांपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं होता. वाटेतले सगळे उतार त्यानं बैल सुटल्यासारखे घेतले होते, आणि त्याची किंमत पायऱ्यांवर द्यावी लागली. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तो पायरीवर बसला तो नगारा होईपर्यंत उठला नाही.

सांगलीत परत आल्यावर बैठक झाली. निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं, गुंडाला आता पाणी द्यायला न्यावं, पळायला नको. पंतांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गुंडाकडं वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी तिसरं नाव तुझंच राहील. पण वर पोचला नाहीस तर ते नाव मीच काढीन. परत घालणार नाही."

"काढा की," गुंडा म्हणाला. "पन आदी मला चढू तर द्या."

त्या वर्षभर तो आमच्याहून दुप्पट पळाला. गोळे येणं मात्र थांबलं नाही. मीठ-साखरेचं पाणी झालं, तेलाची मालीश झाली. लांब पळून आला आणि चढाला लागला की पोटऱ्या धरायच्याच.

मग दिवाळीनंतर एका सकाळी विहिरीवरच एक गोष्ट घडली. मोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीपासून खाली एक उतार केलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जातात तेव्हा पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर येते. ती रिकामी झाली की बैलांना तोंड न फिरवता तसंच मागं मागं चढवत विहिरीशी आणायचं. त्यांच्याबरोबर मोटकरीही कासरा ओढत पाठमोरा चढतो. गुंडा लहानपणापासून दिवसभर हेच करत आला होता.

त्या दिवशी तो लांबून पळून आला, पोटऱ्या धरलेल्या. पण चुलत्याला दुसरीकडं जायचं होतं म्हणून तसाच मोटेला लागला. थोड्या वेळानं त्यानं मला हाक मारली.

"इंजनेरसाहेब, हे बगा. तोंड वर करून चढलो की गोळा येतोय. बैलासंगं मागं मागं चढलो की येत न्हाई."

मी त्याला चार-पाच वेळा दोन्ही तऱ्हांनी चढायला लावलं. त्याचं खरं होतं. पाठमोरं चढताना भार पोटरीवरून मांडीवर जात होता, आणि गुंडाच्या मांड्या म्हणजे त्या धावेनंच घडवलेल्या. मी आनंदानं ओरडणारच होतो, तेवढ्यात त्याची बायको मनुबाई भाकरी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आवं, यमाईच्या पायऱ्या अशा चढनार तुमी?" ती म्हणाली. "देवीकडं पाठ करून?"

"तसं न्हवं गं."

"मग कसं? तिच्या म्होरनं निगताना लोक पाठ दिसू नये म्हनून उलटे सरत्यात. आन् तुमी पाठ दावत वर जानार? तसं चढायचं असंल तर घरला येऊ नगा."

मनुबाईचं माहेर औंधजवळचं, यमाई तिच्या माहेरची देवी. गुंडानं भाकरी घेतली आणि गप्प खायला बसला. पंतांना मी विचारलं तेव्हा तेही म्हणाले, "नियमात आडकाठी नाही. पण त्याच्या घरात तंटा लावून मला दौड पुरी करायची नाही. तोंड वर करूनच चढू दे, जमेल तसं."

एकोणपन्नासच्या जानेवारीत आम्ही आदल्या दिवशी माधवनगरहून गाडीनं गेलो. सकाळी साताऱ्याहून सगळे सुटले तेव्हा दवानं गवत पांढरं झालं होतं. मी सायकलवर पाणी घेऊन मागे होतो. या वेळी गुंडा शहाण्यासारखा पळाला. उतारावर पाय आवरले, कोरेगावात दोन घोट पाणी घेतलं, रहिमतपूरच्या पुढं जाऊन एका पळणाऱ्याला त्याच्या गावातली ऊस गाळायची गुऱ्हाळं कधी सुरू झाली ते विचारलं. त्या बिचाऱ्यानं मान नुसती हलवली.

औंधात शिरताना पंत आणि आमचा शिंपी त्याच्या थोडे पुढं होते. पायऱ्यांच्या तळाशी पंतांनी बूट काढून ठेवले आणि दोघं वर गेले. मी सायकल टाकून गुंडाच्या मागं चढू लागलो. ऊन डोक्यावर येत होतं. वर महाद्वाराशी साताऱ्याचे पंच हरीभाऊ दोरा धरवून उभे होते. येणाऱ्या प्रत्येकासाठी नवा दोरा धरायचे, तो छातीनं तोडायचा.

पायऱ्या अर्ध्याच्या वर झाल्या आणि गुंडा थांबला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. त्यानं उजवा पाय उचलला, टेकवला आणि दात आवळले. डाव्यानं प्रयत्न केला. तोही धरलेला. वरून कुणीतरी ओरडलं, "नैवेद्याचं ताट निघालं." म्हणजे नगाऱ्याला फार वेळ नव्हता.

मनुबाई पायऱ्यांच्या कडेलाच होती. माहेरच्या बायकांबरोबर देवीची ओटी भरून ती खाली उतरत होती. गुंडानं तिच्याकडं पाहिलं. तो गप्प राहिलेला मी त्या विहिरीवर आणि इथं, असा दोनदाच पाहिला.

मनुबाईनं हातातलं ओटीचं ताट शेजारणीकडं दिलं.

"फिरा," ती म्हणाली.

"आं?"

"फिरा म्हनते न्हवं. तोंड हिकडं करा, माज्याकडं. देवीकडं मी बगते. तुमच्या वाटनीचं बी मीच बगते."

गुंडा फिरला. ती त्याच्या दोन पायऱ्या खाली उभी राहिली, नजर वर देवळाच्या शिखरावर. त्यानं मागं पाय टाकला. एक पायरी. आणखी एक. पाय धरला नाही.

"हां, मागं सरा. मागं. डाव्या अंगाला मोडकी पायरी हाय, उजवीकडं सरा. तसं. मागं."

हा आवाज गुंडा रोज बैलांना द्यायचा. आज तो त्याला मिळत होता. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "बैल चांगला हाय गं पोरी, नांगराला बी चालंल का?"

"आमचा चालतोय सगळ्याला," मनुबाई नजर न हलवता म्हणाली. "तुमचं तुमी बगा, बाबा."

वरून हरीभाऊंनी बजावलं, "बाई, हात लावायचा नाही हं त्यांना."

"कोन लावतंय हात? तोंडानंच चालतोय त्यो."

गुंडाला हसू फुटलं. हसतच तो चढत राहिला, कासरा हातात असल्यासारख्या मुठी पोटाशी धरून. त्याची लय लागली. मी तोंड पुढं करून चढत होतो आणि मला त्याच्याबरोबर राहणं जड जात होतं.

दोन पायऱ्या उरल्या तेव्हा पंत वरून म्हणाले, "गुंडा, दोरा छातीनं तोडायचा आहे. आता वळ."

गुंडा वळला. पहिल्या पायरीला पोटरीत पुन्हा गोळा आला, तो मला बाहेरून दिसला. दुसऱ्या पायरीला तो जवळजवळ पुढं पडला आणि पडता पडता छाती दोऱ्यावर गेली. दोरा तुटला. तो महाद्वारासमोरच्या फरशीवर पालथा झाला तो बरोबर देवीकडं तोंड करून. हात त्यानं तिथंच जोडले. त्यानंतर नगारा झाला.

हरीभाऊंनी आमच्या मंडळाचं नाव मोठ्यानं पुकारलं. पंत गुंडाशेजारी बसले आणि स्वतःच्या रुमालानं त्याच्या पोटऱ्या चोळू लागले. "तुझं नाव राहिलं," ते म्हणाले.

"मी म्हनलंच हुतं," गुंडा म्हणाला. "पुढच्या साली तुमालाबी शिकवतो मागं चढाय. धावंवर या, बैलांची वळख करून देतो."

"येतो," पंत म्हणाले. आणि पुढं ते खरंच आले. भूगोलाचे मास्तर सकाळच्या पारी मोटेच्या धावेवर उलटे चढतायत हे बघायला गिरणीला निघालेले कामगार उभे राहायचे.

पण त्या दिवसाचं काम तिथं संपलं नव्हतं. खाली उतरून जेवणं झाल्यावर आम्ही निघायची तयारी करत होतो. मनुबाई हातात नारळ घेऊन आली.

"उटा."

"आता कुटं?"

"वर. नारळ घेऊन, नीट तोंड म्होरं करून. पाठ दावली न्हाई का तिला? आता तोंड दावा."

"मने, पाय हालंना गं."

"पळा म्हनलंय का मी? चला म्हनते."

गुंडानं पंतांकडं पाहिलं. पंतांनी बूट पुन्हा काढून ठेवले आणि नारळ स्वतःच्या हातात घेतला. मग आम्ही सगळेच निघालो. गुंडा प्रत्येक पायरीवर थांबत होता, कण्हत होता, वाटेतल्या प्रत्येकाला मघाच्या शर्यतीची हकीकत सांगत होता. तो वर पोचला तेव्हा डोंगराची सावली औंधावर उतरली होती. मनुबाई सबंध वेळ त्याच्या मागं दोन पायऱ्या ठेवून चालत होती, आणि या वेळी तिची नजर त्याच्या पायांवर होती.