गल्ली अरुंद करणारे मामा

छत्रपती संभाजीनगरात रस्त्यांवर खरा जीव लावणारा एकच माणूस होता, आणि त्याला साधी सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. हा माणूस म्हणजे माझ्या मैत्रिणीचे मामा. शिक्षण वाहतूक नियोजनाचं, नोकरी एका खाजगी सल्लागार कंपनीत, काम शहरांच्या वाहतुकीचे अहवाल लिहायचं. अहवाल जाडजूड असायचे, त्यांचं थाटात प्रकाशन व्हायचं आणि मग ते कपाटात जायचे. मी हे ऐकलं तेव्हा संतापून म्हटलं होतं की ही जनतेची फसवणूक आहे, यावर पत्रक काढलं पाहिजे. मामा शांतपणे म्हणाले, "काढ. तेही कपाटातच जाईल."

म्हणूनच असेल, पण ऑफिसातून घरी आले की मामा लॅपटॉप उघडून फुकटचं काम करत बसायचे. इंटरनेटवर एक मोकळा नकाशा आहे, कुणीही त्यात भर घालावी असा. त्यात मामा आपलं शहर भरत होते. त्या साइटवर प्रत्येक जण स्वतःबद्दल चार ओळी लिहितो. लोक तिथं पदव्या लिहितात, प्रवास लिहितात. मामांनी लिहिलं होतं: "आवड: थांबे, फाटकं, पुलाखालचे रस्ते. भाषा: मराठी चांगली, दखनी बसस्टँडपुरती. वाहन: नाही." मामींचं म्हणणं असं की लग्नाच्या वेळी एवढी खरी माहिती दिली असती तर आपण विचार केला असता.

मामांचा नियम एकच होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच नकाशात टाकायचं. या नियमापायी त्यांनी आयुष्यात जेवढे शत्रू केले तेवढे मला चार मोर्चे काढूनही करता आले नाहीत. शेजारच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार होते आणि शेजाऱ्यांनी त्यांना पत्ता देताना "अगदी डांबरी रस्ता आहे" असं सांगितलं होतं. पाहुण्यांनी नकाशा उघडला तर तिथं मामांनी टाकलेलं: कच्चा रस्ता, पावसात चिखल. शेजारी भांडायला आले. मामांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "चिखल नसतो का?" गंगापूरला त्यांच्या भाचीच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या साखरपुड्याला निघालो तर वाटेत एका फाट्यावर मामांनी जीप थांबवली, कारण गावाच्या पाटीवरचा बाण चुकीच्या दिशेला होता. जीपमध्ये खच्चून माणसं, मांडीवर पोरं, आणि मामा खाली उतरून पाटीचा फोटो काढतायत. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "ओ साहेब, बसा की. गाव काय कुठं पळून चाललं नाय." मामा चढता चढता म्हणाले, "गाव नाही पळत हो, माणूस भलतीकडं जातो."

माझं पत्रकही ते तपासायचे. मी लिहायची, "शेकडो महिलांचा आक्रोश." मामा पेन्सिलीनं समोर लिहायचे, "मोजल्या का?" उद्गारचिन्हं तर ते माशा मारल्यासारखी मारायचे. मला भयंकर राग यायचा. अजून येतो.

पण खरा राग आला तो मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या वस्तीत. वस्तीत बस येत नव्हती. मुख्य रस्त्याला लागायचं तर रुळांच्या कडेकडेनं चालत जायचं, आणि हिवाळ्यात संध्याकाळी तिथं हातभर अंतरावरचं दिसत नाही. तिथल्या सुमनमावशींची मुलगी करुणा बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. वडलांनी स्पष्ट सांगितलं होतं की दारात बस आली तर कॉलेज, नाहीतर चितेगावच्या कंपनीत आईबरोबर पॅकिंगला, कंपनीची गाडी निदान नेऊन आणून तरी सोडते. मी पत्रक काढलं, सह्या घेतल्या, बायकांना घेऊन शहर बसच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, संगणकावर एक नकाशा उघडला आणि म्हणाले, "ताई, बस जाणारच नाही त्या गल्लीतून. ही बघा रुंदी."

ती रुंदी मामांनी टाकलेली होती.

मी तशीच मामांकडं गेले. म्हटलं, एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, नकाशात गल्ली थोडी रुंद करा. कोण बघतंय? मामांनी चष्मा काढला. एरवी ते वाद घालायचे नाहीत, त्या दिवशी घातला. "खोट्या रुंदीवर आलेली बस एकदाच येते," ते म्हणाले. "घासली की ड्रायव्हर पुन्हा त्या गल्लीचं नाव घेत नाही. मग दहा वर्षं बसा पत्रकं काढत."

दुसऱ्या दिवशी ते आपलं मापाचं चाक घेऊन वस्तीत हजर. लांब दांडा, खाली चाक, ढकलत चाललं की अंतर मोजलं जातं. गल्लीतल्या बायकांना आधीच कळलं होतं. सुमनमावशी दारातूनच म्हणाल्या, "जयभीम. तुम्हीच का ते? आमची गल्ली बारीक केलेले?"

"जयभीम. मीच," मामा म्हणाले, आणि चाक भिंतीला टेकवून मोजायला लागले. एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग या ओट्यापासून त्या ओट्यापर्यंत. मग मावशींना जवळ बोलावून दोन्ही आकडे दाखवले. भिंत ते भिंत बस आरामात जात होती. ओटा ते ओटा जात नव्हती. मधे पायऱ्या होत्या, पाण्याचे ड्रम होते, कपडे धुवायचे दगड होते. प्रत्येक घर थोडं थोडं रस्त्यात उतरलं होतं, आणि सगळ्यात पुढं आलेला ओटा सुमनमावशींचाच होता. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेला, संध्याकाळी सगळी गल्ली ज्यावर बसायची तो.

मला राहवलं नाही. मी तिथंच सुरू केलं की मोठ्या लोकांच्या गाड्या हमरस्त्यावर उभ्या राहतात त्या कुणी काढत नाही आणि गरिबानं आपली पायरी का फोडायची. मामा म्हणाले, बरोबर आहे, त्या गाड्यांनी अडलेला रस्ताही मी नकाशात टाकलाय. सुमनमावशी मात्र माझ्याकडं वळल्या.

"ते भाषण लई चांगलंय गं. नंतर कर. पोरीचं कॉलेज जूनला उघडतंय."

मग त्या आपल्या ओट्यावर जाऊन बसल्या. उठल्या तेव्हा नवऱ्याला म्हणाल्या, आधी आपला काढा, मग दुसऱ्याला सांगता येतं.  तो आत जाऊन पहार घेऊन आला.

पुढचा आठवडा गल्लीत धूळच धूळ होती. ड्रम आत गेले, दगड मागं सरकले, पायऱ्या आखूड झाल्या. एकजण अडून बसला होता, त्याची पायरी त्याच्याच सासूनं काढायला लावली. मामा रोज ऑफिस सुटल्यावर येऊन मोजायचे, तोंडावर रुमाल बांधून. शेवटच्या दिवशी त्यांनी नवा आकडा नकाशात टाकला आणि मी तो घेऊन कचेरीत गेले. या वेळी पत्रकात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

चाचणीची बस आली त्या सकाळी अख्खी वस्ती भिंतींना चिकटून उभी होती. ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंना बघत बघत, गोगलगायीसारखी बस विहारापर्यंत नेली आणि वळवून आणली. कुठंच घासली नाही. करुणा चढली. मी मामांना म्हटलं, टाका आता थांबा नकाशात. ते म्हणाले, "आज आली. येते की नाही ते अजून बघायचंय." मी कपाळावर हात मारला. पावसाळा संपेपर्यंत बस येत राहिली तेव्हा त्यांनी करुणाला बोलावून घेतलं, लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले की रोज तू चढतेस, मी नाही, तेव्हा थांबा तूच टाक. तिनं टाकला. मामा बाजूला बसून नुसते बघत होते. त्यांनी लिहिलेल्या अहवालांतली एकही बस आजवर कुणासाठी थांबली नव्हती.

यंदा कंपनीनं त्यांना दुसऱ्या शहरात पाठवलं. मामी म्हणतात तिथंही चाक ढकलत हिंडतात आणि तिथल्या शेजाऱ्यांशीही बिनसलंय. अधूनमधून मला फोन येतो. तब्येत नाही, हवापाणी नाही, सरळ विचारतात, "येते का?"

"येते."

"रोज?"

"रोज, मामा."

मग ते काही बोलत नाहीत, आणि मला बोलायची एवढी खोड असून मीही बोलत नाही. फोन कुणीच ठेवत नाही. पलीकडून त्या परक्या शहरातल्या रस्त्याचा आवाज येत राहतो.