न खाल्लेली साखर

मी बी.कॉम. झालो तो ताईच्या शिलाई मशीनवर. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती मशीन बरोबर घेऊनच. पायाने चालवायचं जुनं मशीन. मधुमेह तिला वीस वर्षं होता, पण सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचून घ्यायची आणि कामाला बसायची. तिचा त्याच्याशी एक समझोता झाला होता.

साथ पसरली आणि सगळं बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मी तीन तास रांगेत उभा राहून तीन महिन्यांचं इन्शुलिन आणलं. नऊ बाटल्या. प्रत्येकीवर आकडा घातला, वापरायची तारीख लिहिली आणि फ्रीजरमध्ये ओळीने लावल्या. मटार तिथे सहा महिने राहतात, मग औषध का नाही राहणार? बाटली संपत आली की पुढची आदल्या दिवशी खाली काढायची, म्हणजे वितळते. खोक्यांवर सूचना होत्या. जागा अडते म्हणून खोकी मी पहिल्याच दिवशी टाकून दिली होती.

पंधरा दिवसांनी तिची साखर चढायला लागली. सव्वादोनशे, मग तीनशे, मग त्याच्याही वर. त्यातच मशीनच्या पायपट्टीला घासून उजव्या अंगठ्याला फोड आला. ताई तेव्हा दिवसभर मास्क शिवत होती.

"ताई, खरं सांग. साखर खातेस ना?"

"डबा तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्या खिशात. मी काय उंदीर आहे?"

"मग वाढते कशी?"

"मला विचारतोस? रोजच्या साखरेची वही तू लिहितोस!"

मी रोज विचारत राहिलो. बायको म्हणाली, "अहो, पुरे आता, चौकशी समिती नेमलीय का?" तरी विचारत राहिलो. फोड चिघळला. पाय गेला तर मशीन गेलं, हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. शेवटी एका सकाळी ती सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता म्हणाली, "खाल्ली बाबा, खाल्ली. रोज दोन चमचे. झालं समाधान?"

मला खरंच बरं वाटलं. कारण सापडलं होतं. फोनवर डॉक्टरांना मी तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी पथ्य सांभाळा." बाकी काही त्यांनी विचारलं नाही. आणखी बारा दिवस गेले.

नवीन बाटल्यांसाठी औषधवाल्याला फोन केला, तेव्हा तो सहज म्हणाला, "काका, फ्रीजच्या दारात ठेवा हां. चुकून फ्रीजरमध्ये नको. गोठलं की त्यातला दम जातो."

मी फ्रीजर उघडला. उरलेल्या तीन बाटल्या काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. ताई पाय उशीवर ठेवून समोरच बसली होती. तिने बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अंगठा तोवर काळा पडला होता.

नव्या इन्शुलिनने चार दिवसांत साखर उतरली. पण पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

घरी सोडायच्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. "आजी, एवढी साखर वाढली कशाने?"

मी घसा साफ केला. बोलणार होतो, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

"माझी जीभ, दुसरं काय," ताई म्हणाली. "चोरून साखर खायची. हा बिचारा डब्याला कुलूप लावून थकला."

बाईंनी लिहिलं: रुग्णाने पथ्य पाळले नाही. खाली नातेवाइकाची सही हवी होती. एकही कागद न वाचता सही करायची नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय. मी ती ओळ दोनदा वाचली. ताई खिडकीबाहेर बघत होती.

मी सही केली.